शेवटच्या चारीचं गणित

एसटीची दोन वाक्यं सगळ्यांना पाठ आहेत. एक ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’. दुसरं ‘रस्ता तिथे एसटी’. दोन्ही ऐकायला एकाच सुरातली वाटतात, पण ती एकमेकांशी भांडतात.

आमचं वडीगोद्री धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता इथेच महामार्गाला मिळतो. त्यामुळे आम्हाला गाडी मिळते. आता आतल्या एखाद्या वाडीचा विचार करा. तिथे सकाळच्या फेरीला सात प्रवासी असतात आणि त्यातल्या पाच शाळेत जाणाऱ्या मुली. तीच गाडी महामार्गावर वळवली तर पन्नास जणांची सोय होते. ‘बहुजन सुखाय’ म्हणजे जास्त लोकांचं जास्त सुख एवढाच अर्थ घेतला, तर गाडी वळवायला हवी. ‘रस्ता तिथे एसटी’ म्हणजे दिलेला शब्द असेल, तर वळवता येत नाही. पहिलं वाक्य बेरीज करतं. दुसरं हक्क सांगतं.

हे भांडण एसटीपेक्षा बरंच जुनं आहे. जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताने 1789 साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि नीतीची मोजपट्टी सरळ करून टाकली: ज्याने सुख वाढतं आणि दुःख कमी होतं ते योग्य. यालाच उपयुक्ततावाद म्हणतात. त्याचं सगळ्यात कडक रूप म्हणजे कृती-उपयुक्ततावाद. तो म्हणतो, नियम, परंपरा, वचन, नातं हे सगळं बाजूला ठेवा. समोरच्या प्रत्येक कृतीचा स्वतंत्र हिशेब करा. या क्षणी शक्य असलेल्या पर्यायांपैकी ज्यातून सगळ्यांचं मिळून सर्वाधिक भलं होईल, तोच करणं तुमचं कर्तव्य.

मराठीत या विचारावरची सगळ्यात गाजलेली टीका एका कैद्याने लिहिली आहे. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या सुमारास टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं. ते 1915 मध्ये छापलं गेलं. त्यातलं चौथं प्रकरण ‘आधिभौतिक सुखवाद’. बेंथम आणि मिल यांच्या तत्त्वाला टिळक ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ असं ठसठशीत मराठी नाव देतात आणि मग त्याची उलटतपासणी घेतात. गीतेवरचा ग्रंथ म्हणून आपण तो नमस्कार करून ठेवून देतो, पण हे प्रकरण गीता बाजूला ठेवूनही वाचता येतं. मला ते आमच्या कालव्याच्या उजेडात वाचायचं आहे. टिळकांचं कुठे बरोबर आहे आणि कुठे ते अर्ध्यात थांबतात, हे पाण्याच्या प्रश्नावर घासून पाहिलं की स्पष्ट दिसतं.

मोजणीची ताकद

आधी आरोपीची बाजू ऐकू. आजकाल ‘उपयुक्ततावादी’ हा शब्द स्वार्थी, थंड, फायद्यापुरता अशा अर्थाने वापरतात. तो अन्याय आहे. हा सिद्धांत स्वतःच्या सुखाला दुसऱ्याच्या सुखापेक्षा एक पैसाही जास्त किंमत देत नाही. प्रत्येक माणूस एक, कुणीही एकापेक्षा जास्त नाही, हा त्याचा पहिला नियम. राजा एक, मजूर एक. ज्या समाजात पाणी भरण्याचा क्रमसुद्धा जन्मावरून ठरत होता, तिथे हा नियम साधा नव्हे, स्फोटक आहे.

दुसरी ताकद अशी की तो हेतूंच्या गप्पांवर समाधान मानत नाही, परिणाम विचारतो. पीटर सिंगरने 1972 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधाची पार्श्वभूमी 1971 मधल्या बंगाली निर्वासितांची होती. डोळ्यांसमोर बुडणारं मूल वाचवताना आपण कपडे भिजण्याचा विचार करत नाही, मग दूर मरणारं मूल दूर आहे म्हणून कमी महत्त्वाचं कसं, असा त्याचा सवाल आहे. त्याचं उत्तर आजही देता येत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण 2016 चं. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीत साधारण पाच लाख लिटर. पुढे पन्नास टाक्यांच्या गाडीतून एका खेपेला पंचवीस लाख लिटर. कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी रुळांवरून मराठवाड्यात, हे कोणत्याही ठरलेल्या व्यवस्थेत बसत नव्हतं. रेल्वे पाणीपुरवठा योजना नाही. पण आत्ता, या घडीला, जास्तीत जास्त हाल कशाने कमी होतील, हा एकच प्रश्न विचारला तर उत्तर तेच होतं. नियमाच्या पुस्तकात नसलेली योग्य गोष्ट करण्याची मोकळीक हा सिद्धांत देतो.

त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. आमच्याकडे अनेकांना ते मनापासून पटलं. कृती-उपयुक्ततावादी इथे एक नकोसा प्रश्न विचारेल: त्यामुळे मराठवाड्यात किती लिटर पाणी आलं? मैदानावर न मारलेलं पाणी तिथून उठून लातूरच्या नळाला येत नाही. हिशेबाच्या वहीत ही कृती जवळजवळ शून्य आहे. हा प्रश्न विचारण्याचं धाडस ही या सिद्धांताची ताकदच. पण माणसांना जे बोचत होतं ते लिटरमध्ये नव्हतं. आपल्या घागरी कोरड्या असताना कुणाच्या तरी हिरवळीवर फवारे उडतात, हा अपमान होता. वहीत अपमानाचा रकाना नाही. घालायचाच म्हटलं तर ‘इतक्या लोकांना वाईट वाटलं’ असं त्याचं दुःखात रूपांतर करावं लागतं आणि मग तो अपमान राहत नाही, नुसती नाराजी होते.

पाटकऱ्याची रात्र

आता या सिद्धांताला कालव्यावर आणू. जायकवाडीची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. नाथसागराचा उपयुक्त साठा सुमारे 76 टीएमसी. पैठणहून डावा कालवा निघतो तो 208 किलोमीटर जातो, आमच्या शिवारातून पुढे परभणीकडे. म्हणजे वडीगोद्री कुणाच्या तरी खाली आहे आणि कुणाच्या तरी वर. नीतीचा विचार करायला ही जागा फार चांगली, कारण इथे बसून नुसता फिर्यादी होता येत नाही.

समजा रब्बीचं आवर्तन चालू आहे. रात्रीचे दोन वाजलेत. पाटकरी चारीचं दार बंद करायला आलाय. वरच्या रानातला शेतकरी म्हणतो, “भाऊ, दोन तास राहू द्या. मोसंबी आहे. आठ वर्षांची झाडं गेली तर परत उभी राहत नाहीत.” तो खोटं बोलत नाही. पाटकरीही प्रामाणिक आहे, पैशाचा संबंध नाही. तो मनात हिशेब करतो. दोन तासांनी इथे एक बाग वाचते. हे पाणी खालच्या शंभर शेतांत विभागलं तर प्रत्येकाच्या वाट्याला पायाचा अंगठा भिजेल एवढंही येत नाही. एकीकडे मोठं सुख, दुसरीकडे कुणाला जाणवणारही नाही इतकं दुःख. दार उघडं राहतं.

दुसऱ्या रात्री दुसरा शेतकरी, तितकंच खरं कारण. तिसऱ्या रात्री तिसरा. प्रत्येक रात्रीचा निर्णय वेगळा काढून पाहिला तर बरोबर. आणि टेलच्या शेतकऱ्याची चारी आवर्तन संपेपर्यंत कोरडी. कुणीही त्याचं वाईट केलेलं नाही, तरी त्याचं वाटोळं झालं.

डेरेक पार्फिट या तत्त्वज्ञाने 1984 मध्ये अशाच न जाणवणाऱ्या तुकड्यांच्या अपराधावर लिहिलं. कृती-उपयुक्ततावाद्याचं उत्तर ठरलेलं असतं: हिशेब चुकला, सिद्धांत नाही. पाटकऱ्याने आपली रात्र एकटी धरायला नको होती. तिने काय पायंडा पडतो, सगळ्यांनी मिळून किती नुकसान होतं, तेही धरायला हवं होतं. उत्तर बरोबर आहे. पण रात्री दोन वाजता, हातात बॅटरी घेऊन, समोर रडकुंडीला आलेला माणूस असताना 208 किलोमीटरचा हिशेब कोण करणार? ज्याचं दुःख समोर आहे त्याचं वजन जास्त भरतं. टेलचा माणूस त्या तराजूत कधी हजरच नसतो.

म्हणून काही जण म्हणाले, कृती मोजू नका, नियम मोजा. कोणता नियम सगळ्यांनी पाळला तर सर्वाधिक भलं होईल ते ठरवा आणि मग तो पाळा. याला नियम-उपयुक्ततावाद म्हणतात. हे दोन्ही शब्द रिचर्ड ब्रँटने 1959 मध्ये रूढ केले. त्यावर कृतीवाल्यांच्या बाजूने जे. जे. सी. स्मार्टने खोचक प्रश्न विचारला: नियम भल्यासाठीच असेल आणि आज तो मोडल्यानेच जास्त भलं होणार हे मला पक्कं माहीत असेल, तरीही तो पाळणं म्हणजे नियमाची पूजाच नाही का?

मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर टेलच्या शेतकऱ्याकडे आहे. त्याला पाणी हवं असतं, पण त्याआधी तारीख हवी असते. पाळी अमुक दिवशी येणार या भरवशावर तो बियाणं घेतो, उधारी करतो, गहू पेरायचा की नुसती ज्वारी हे ठरवतो. दर रात्री नव्याने सर्वोत्तम निर्णय घेणारा पाटकरी कितीही शहाणा असला तरी त्याच्या शब्दावर पेरणी करता येत नाही. बेरीज करणाऱ्याला वचन देताच येत नाही, कारण उद्याची बेरीज वेगळी निघाली तर ते मोडणं हेच त्याचं कर्तव्य असतं. कृती-उपयुक्ततावादाचा सगळ्यात मोठा दोष मला क्रौर्य वाटत नाही. तो भरवशाचा नाही, हा वाटतो.

टिळकांची ट्राम

टिळकांनी याच जागी एक गोष्ट सांगितली आहे. अमेरिकेतल्या एका शहरात ट्रामची गरज होती, पण सरकारी परवानगी मिळत नव्हती. व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली, ट्राम सुरू झाली, लोकांची सोय झाली. पुढे प्रकरण बाहेर आलं आणि खटला चालला. टिळकांचा मुद्दा असा: पुष्कळांचे पुष्कळ सुख तर झालं, मग गुन्हा कसला? बाहेरच्या परिणामावरून कृती जोखता येत नाही, करणाऱ्याची बुद्धी पाहावी लागते.

उदाहरण नेमकं आहे. कृती आणि नियम हा भेद अजून कुणी नावाने मांडलेला नव्हता, त्याच्या कितीतरी आधी टिळकांचं बोट बरोबर त्याच भेगेवर पडलं. आकड्यांवरचा त्यांचा टोला तर त्याहून सुरेख. पांडवांकडे सात अक्षौहिणी, कौरवांकडे अकरा. जास्त लोकांचं सुख म्हणजेच धर्म असेल, तर कौरव जिंकायला हवे होते! संख्या आणि न्याय एकच नाहीत हे इतक्या कमी शब्दांत सांगणं मराठीत फार कमी जणांना जमलंय.

पण इथून पुढे माझं त्यांच्याशी पटत नाही. टिळक परिणामाकडून बुद्धीकडे जातात आणि सगळ्या भूतांविषयी सम असलेली बुद्धी ही अखेरची कसोटी ठरवतात. मी ती पाटकऱ्याला लावून पाहते. त्याची बुद्धी शुद्ध आहे. मोसंबीवाला आणि टेलचा शेतकरी त्याला सारखेच आहेत. मग दार किती वाजता बंद करायचं? शुद्ध बुद्धी वेळ सांगत नाही. त्यासाठी किती हेक्टर, किती क्युसेक, किती दिवस, हे मोजावंच लागतं. शिवाय बुद्धी आतली गोष्ट. माझी बुद्धी सम आहे असं धरणावरचा मोठा माणूसही म्हणेल, आणि टेलच्या शेतकऱ्याला ते तपासता येणार नाही. आकडा मात्र फळ्यावर लिहिता येतो. त्याला कुणीही बोट लावून ‘हे चूक’ म्हणू शकतं. बेंथमच्या पट्टीत ही लोकशाही आहे आणि टिळकांच्या प्रकरणात तिची दखल पुरेशी घेतलेली नाही.

वरचे आणि खालचे

मोजायचं तर काय, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर गोदावरी खोऱ्यात दर दुष्काळात नव्याने मागितलं जातं. वर नाशिक-नगरची धरणं, खाली जायकवाडी. 2005 च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने सांगितलं की टंचाईच्या वर्षी तुटीचा वाटाही सगळ्यांनी सारखा उचलायचा. 2014 च्या आदेशाने त्याला आकडा दिला: 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरून पाणी सोडायचा हिशेब सुरू होतो. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. 2023 मध्ये सुमारे साडेआठ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला तेव्हाही वर आंदोलनं झाली, खाली आंदोलनं झाली.

वरच्यांचा युक्तिवाद नीट ऐका. नदीच्या कोरड्या वाळूतून पाणी सोडलं की बरंचसं वाटेत मुरतं. तेच वर ठेवलं तर द्राक्षं, ऊस, कारखाने यांतून प्रत्येक थेंबाचे जास्त पैसे होतात. एकूण महाराष्ट्राचं भलं कशात आहे? हा शुद्ध बेरजेचा युक्तिवाद आहे. आमच्याकडे त्याला चढेल म्हणतात, पण चढेल असला तरी तो गणितात बसतो. त्याला बेरजेनेच उत्तरही देता येतं: ज्याच्याकडे भरपूर आहे त्याच्या शंभराव्या घागरीपेक्षा ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या पहिल्या घागरीचं सुख जास्त. म्हणजे एकच सिद्धांत दोन्ही बाजूंचा वकील होतो. काय मोजायचं हे आधी ठरलेलं असतं, बेरीज नंतर येते.

कायद्याने इथे बेरीज केलेलीच नाही. त्याने वाटा पाहिला. जॉन रॉल्सने 1971 मध्ये उपयुक्ततावादावर ठेवलेला आक्षेप हाच आहे: हा सिद्धांत माणसं वेगवेगळी आहेत हे गांभीर्याने घेत नाही. एकच माणूस आज उपाशी राहून उद्या जेवला तर त्याचं नुकसान त्यालाच भरून मिळतं. पण माझ्या उपाशी राहण्याने तुम्ही दुप्पट जेवलात, तर मला काय भरून मिळालं?

हे वाक्य आमच्याकडे सगळ्यांना आवडेल. म्हणूनच आरसा थोडा वळवते. वरच्यांच्या उसाला नावं ठेवणाऱ्या आमच्या कालव्यालगतच्या रानांतही ऊस उभा आहे. परभणीकडचा टेलचा शेतकरी पाणी पोहोचत नाही म्हणतो, तेव्हा आमच्याकडून येणारं उत्तर नाशिक-नगरचंच असतं: एवढ्या लांब पाणी नेण्यात वाया किती जातं! वर पाहताना आम्ही रॉल्स असतो, खाली पाहताना बेंथम. माणूस कोणता नीतिसिद्धांत उचलतो हे बहुतेक वेळा तो कालव्यावर कुठे उभा आहे यावरून ठरतं. ज्या तत्त्वाने आपण वर पाणी मागतो त्याच तत्त्वाने खाली सोडायला तयार असणं, एवढी तरी किमान परीक्षा कुठल्याही सिद्धांताची घ्यायला हवी.

तळ्याकाठची मोजणी

आणखी एक प्रसंग असा आहे, जिथे सगळा हिशेब बरोबर करूनही सिद्धांत नापास होतो. 20 मार्च 1927, महाडचं चवदार तळं. नगरपालिकेने 1924 मध्येच ते सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता. डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे लोक ते पाणी प्यायले. तळ्यातलं पाणी त्याने कमी झालं नाही, कुणाची पाळी चुकली नाही. तरी गावातले पुष्कळ सवर्ण दुखावले, मारहाण झाली, नंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं गेलं.

प्रामाणिक कृती-उपयुक्ततावाद्याला हे दुखावणंही वहीत लिहावं लागतं, कारण दुःख ते दुःख, त्याचं कारण काय हे पट्टी विचारत नाही. मग एका बाजूला पाणी पिणाऱ्यांचं समाधान आणि दुसऱ्या बाजूला विटाळलेल्यांचा संताप यांची तुलना सुरू होते. तो म्हणेल की दूरचा विचार केला तर समतेतच सगळ्यांचं भलं आहे. असेलही. पण त्या दिवशी ओंजळ भरणाऱ्या माणसाचा हक्क दूरच्या बेरजेच्या निकालावर टांगलेला होता, असं म्हणणंच मला मान्य नाही. बेरीज उलटी आली असती तरी त्याचं पाणी त्याचंच होतं. काही दुःखं मोजायचीच नसतात.

मिलला ही अडचण दिसत होती. 1823 ते 1858 अशी पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीत काम केलेल्या या माणसाने 1859 मध्ये स्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिला. दुसऱ्याच्या खासगी आचरणाची आपल्याला किळस येते, एवढ्यावरून त्याला अडवता येणार नाही, असं त्याने त्यात ठामपणे मांडलं. पण ते म्हणताना तो बेंथमच्या पट्टीबाहेर एक पाऊल टाकतो.

मग काय ठेवायचं?

मला हा सिद्धांत फेकायचा नाही. निर्णय घेणारा खुर्चीत बसून ‘सगळ्यांच्या हिताचं’ म्हणतो तेव्हा ‘सगळे म्हणजे कोण, मोजून दाखवा’ असं विचारायला बेंथमइतकं चांगलं हत्यार नाही. टिळकांनी ते हत्यार काढून घेतलं आणि त्याजागी शुद्ध बुद्धी दिली. दुबळ्याच्या हातात ती फारशी उपयोगाची नाही.

पण मोजणी कुठे थांबते हेही आधी ठरलं पाहिजे. आपल्या जलनीतीने ते थोडंफार ठरवलं आहे. 2003 च्या धोरणात पिण्याचं पाणी पहिलं, मग उद्योग, मग शेती. 2011 मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर भांडण होतं, होईल. पहिल्या जागेबद्दल मात्र कुणी बेरीज मागत नाही. कितीही कोटींचा ऊस एका पारड्यात टाकला, तरी दुसऱ्यातली पिण्याची घागर वर उचलली जात नाही. आधी घागर, मग प्रत्येकाचा ठरलेला वाटा आणि ठरलेली तारीख, आणि या दोन्हींतून उरेल त्याचं वाटप करताना जास्तीत जास्त भल्याची बेरीज. या क्रमाने घेतला तर कृती-उपयुक्ततावाद चांगला नोकर आहे. मालक केला, तर तो रोज रात्री दोन वाजता एक अगदी बरोबर निर्णय घेईल आणि शेवटची चारी कोरडी राहील.